नूरुद्दीनच्या नकाशातला लाल गोल

आमच्या सावली गावच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही विचारा, "ब्रह्मपुरीले कसं जाचं?" तो हात वर करील, पण रस्त्याकडे नाही, समोरच्या नूरुद्दीनच्या दुकानाकडे. तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना हे कशाला? बरोबर आहे. पण आमच्याकडचा मोबाईल सावलीत सगळं सांगतो, जंगलात शिरला की तोंड मिटून बसतो, आणि तुम्ही आपले आपण पलीकडे बाहेर पडलात की 'पोहोचलात' म्हणून कौतुक करतो. नूरुद्दीनचा कागद मात्र घरून निघाल्यापासून पाहुण्याच्या दारात उतरेपर्यंत बोलतो. थोडा जास्तच बोलतो. कागद मालकावर गेलाय.

दुकानाच्या पाटीवर 'नूर टायपिंग अँड झेरॉक्स' असं लिहिलेलं आहे. टायपिंग केव्हाच बुडालं, पण पाटी रंगवायचा आळस. तालुक्यातले निम्मे बाबू याच दुकानात बोटं बडवायला शिकले. त्यातल्या काहींची लग्नंही इथंच जुळली, आणि कुणाचं कुणाशी जुळता जुळता राहिलं तेही मला ठाऊक आहे. पण ते आज नको. त्यांना नातवंडं झालीत, आणि ती नातवंडं मला नमस्कार करतात.

नूरुद्दीन माझ्याहून थोडा लहान. दाढीला मेंदी, डोक्याला जाळीची टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. दुसऱ्यांना भामरागडपर्यंतची वळणं सांगणारा हा माणूस स्वतः घरून दुकानात येतो तो सायकल हातात धरून. बसत नाही. मी विचारलं होतं एकदा, "मग सायकल कशाले नेतो बे?" तर म्हणाला, "सोबत असते."

आणि मशीन. त्या मशीनवर त्याच्या बायकोची, म्हणजे आमच्या भाभीची, जुनी जांभळी ओढणी पांघरलेली असते. ती ओढणी बाजूला करण्याचा हक्क फक्त नूरुद्दीनला. त्याच्या सख्ख्या पोरानं, सैफनं, एकदा माऊसला हात लावला तर दोन दिवस बापलेकांत अबोला होता. कारण त्या मशीनच्या पोटात ते सॉफ्टवेअर आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानदारानं त्याच्या गळ्यात एक सीडी मारली. कुठून निघणार ते टाका, कुठं जाणार ते टाका, पडद्यावर निळी रेघ उमटते. कुठं वळायचं, कुठं जेवायचं, टाकीतलं तेल कुठं संपणार, सगळं छापून हातात. नव्या मशीनवर ते सॉफ्टवेअर बसत नाही, म्हणून मशीन म्हातारंच ठेवलंय. चालू करताना ते खोकतं, तेव्हा नूरुद्दीन त्याच्या पाठीवर थोपटतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सीडी आणली त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पडला होता. पडद्यावर चंद्रपूर होतं, गडचिरोली होतं, आणि मधे नुसता पांढरा कागद. आम्ही सगळे त्या पांढऱ्या कागदात राहत होतो.

"आपन काय हवेत राहून राह्यलो का, मुखरूभाऊ?" तो म्हणाला. त्याला ते लागलं. मग त्यानं ठरवलं, हा कागद भरायचा. त्या सॉफ्टवेअरात आपल्या हातानं गावं टोचता येत, रस्ते ओढता येत. दिसेल त्या जीपवाल्याला, दूधवाल्याला, फॉरेस्टच्या गार्डाला धरून आणायचा, शेजारी बसवायचा, एक चहा पाजायचा आणि विचारायचा, "तू कसा कसा जातं?" तो सांगायचा, हा ओढायचा. असं करत करत दोन्ही जिल्हे भरले. आणि नुसती गावं नाहीत. त्याच्या कागदावर छापून येतं: 'झिंगू पडला ते वळण.' 'गुणाबाईचा बोकड रस्त्यात बसतो, हॉर्न वाजवून उपयोग नाही.' 'वाघीण पिल्लांसोबत, लघवीला पुढे थांबा.' कोणती परदेशी कंपनी सांगणार आहे हे?

असा हा गुणी माणूस. पण त्याच्या नकाशात एक लाल गोल आहे, आणि मला सांगायचं आहे ते त्या गोलाचं.

सावलीहून ब्रह्मपुरीला आतल्या रस्त्यानं निघालं की मधे मोहटोला लागतो. धानाच्या बांध्या, मोठा तलाव, ढिवरांची वस्ती आणि दोन-चार मुसलमानांची घरं. त्यातल्या एका घरात नूरुद्दीनची थोरली बहीण, सलीमाबाई. नवरा लवकर गेला, पण बाई कणखर. बांगड्या विकायला ती गावोगाव फिरली आणि पोराला, जुबेरला, तिनं वाढवलं. नूरुद्दीनवर तिचा जीव. लहानपणी आई गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं. अजूनही त्याला ती 'नूरू' म्हणते, आणि तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ 'जी आपा' म्हणून उभा राहतो. म्हणजे राहायचा.

मोहटोल्यातलाच दुसरा माणूस म्हणजे इस्तारी ढिवर. मासे धरतो, आणि गावच्या फाट्यावरच्या टपरीत बायको प्रेमिला मासे तळते. नूरुद्दीननं रस्ते विचारायला ज्यांना ज्यांना बसवलं त्यात इस्तारीही होता. त्याच्या मच्छीमार सोसायटीकडे ब्रह्मपुरीच्या अलीकडचा भिवा तलाव होता. नूरुद्दीननं विचारलं, "तिथून ब्रह्मपुरीले कसा जातं?" इस्तारी म्हणाला, "सरळ. पारीवर चढाचं, सरळ जाचं, पल्याड उतराचं, की आलीच ब्रह्मपुरी. आमी रोज जातो." नूरुद्दीननं सरळ रेघ ओढली. सॉफ्टवेअर खूश झालं, इतका जवळचा रस्ता त्याला कुणी दिला नव्हता.

इस्तारी खोटं बोलला नव्हता. तो रोज जायचा. डोंग्यात बसून.

काय आहे, ढिवराला विचारलं की कसा जातोस, तर तो पाणी वेगळं सांगत नाही. तुमच्या-माझ्यासाठी तलाव आला की रस्ता संपतो. त्याच्यासाठी तिथं रस्ता सुरू होतो. आणि नूरुद्दीनला विचारायचं सुचलं नाही.

मग जुबेरचं लग्न निघालं. नवरी ब्रह्मपुरीची. मामानं हौसेनं बारातीचा कागद छापला, रंगीत, सगळ्या गाड्यांना एकेक. दिवस पावसाळा नुकताच सरल्याचे, तलाव काठोकाठ. मीही होतो बारातीत, दुसऱ्या जीपमध्ये, मागच्या बाकावर, मांडीवर एक अनोळखी पोट्टं घेऊन. भिवा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गाड्या चढल्या आणि पहिली जीप थांबली. पुढं नुसतं पाणी. कागद म्हणतो, सरळ जा.

मागं वळावं तर पारीची वाट अरुंद, एका मागोमाग एक गाड्या अडकलेल्या, शेवटचा टेम्पो चिखलात बसलेला. तिकडून फोन आला, काझीसाहेबांना दुसरा निकाह आहे, ते थांबत नाहीत. मग इस्तारीनंच कुठून तरी डोंगा आणला आणि नवरदेवाला त्यात बसवलं. एकटा नवरदेव, सेहरा बांधलेला, डोंग्यात उकिडवा, आणि डोंग्याच्या तळाशी सकाळचे मासे. तो पलीकडे उतरला, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसला आणि ब्रह्मपुरीत एकटाच हजर झाला. नवरीकडचे विचारतात, "बारात कुठी आहे?" तो काय सांगणार? पाण्यात आहे?

आम्ही पोहोचलो तेव्हा निकाह लागून गेला होता.

यावर आम्ही पुढं वर्षानुवर्षं हसलो. पण त्या दिवशी मी सलीमाबाईचा चेहरा पाहिला, आणि हसलो नाही. एकुलता एक पोरगा. त्याचं 'कबूल है' तिनं ऐकलं नाही. मंडपात बिर्याणी थंड झालेली, आणि ही बाई चिखलानं भरलेले पाय घेऊन मधोमध उभी. समोर भाऊ. ते दोघं आपसांत हिंदीत भांडतात, मी माझ्या पद्धतीनं सांगतो.

"नूरू, तुझ्या डब्यानं मले माझ्या पोराच्या निकाहले मुकवलं. आजपासून तुझ्या त्या नकाशात माझं गाव ठेवू नको."

नूरुद्दीन म्हणाला, "ठीक आहे आपा."

एवढंच. रस्ता इस्तारीनं सांगितला होता हे तो बोलला नाही. इस्तारी खांबामागं उभा होता, तोही बोलला नाही. मला दोघांचंही ठाऊक होतं, आणि मी, ज्याच्या पोटात साधी गोष्ट टिकत नाही, तोही गप्प बसलो. काही शांतता अशा असतात की त्यात तोंड घालायची माझीसुद्धा हिंमत होत नाही.

त्या सॉफ्टवेअरात एक सोय आहे. एखादा भाग टाळायचा असेल, पूर असेल, घाट बंद असेल, तर त्याच्याभोवती गोल काढायचा आणि 'टाळा' म्हणायचं. मग निळी रेघ तिकडून कधीच जात नाही. नूरुद्दीननं दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, ओढणी काढली आणि मोहटोल्याभोवती लाल गोल मारला. रागाचा हात होता, गोल चांगला मोठा बसला.

तेव्हापासून सावलीहून ब्रह्मपुरीला निघालेला जो तो सिंदेवाही आणि नागभीडचा वळसा घालू लागला. वराती, मयतीचे पाहुणे, कॉलेजची सहल, सगळे. कुणी विचारलं की रस्ता लांब काऊन झाला, तर नूरुद्दीन म्हणायचा, "तांत्रिक कारण आहे." या दोन शब्दांना आमच्याकडे फार मान आहे. बस का आली नाही, वीज का गेली, जावई का रुसला, सगळ्याला तांत्रिक कारण. पुढं कुणी विचारत नाही.

विचारलं ते इस्तारीनं. एकदा बाजारात मला धरलं. "भाऊ, सावलीचे लोकं आमच्या गावाहून जानं बंद काऊन झाले? प्रेमिलाची कढई दुपारीच थंडी होते. पयले तं वरात आली का मासे पुरत नव्हते."

मी थेट दुकानात गेलो. नूरुद्दीन लघवीला उठला तेवढ्यात पडद्यात डोकावलो. लाल गोल. त्यात मोहटोला असा बसलेला, जसा कोपऱ्यात तोंड करून उभा केलेला पोरगा.

"हे काय बे?"

"तांत्रिक कारण," तो म्हणाला आणि ओढणी टाकली.

मी काय समजायचं ते समजलो. गावालाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते मोहटोल्यात पोहोचलं, माझ्या बातम्यांना निळी रेघ लागत नाही. सलीमाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "मी म्हटलं म्हणून खरंच काढलं त्यानं?" बहिणीनं रागात म्हणावं आणि भावानं ऐकावं, यासारखा अपमान नाही. त्यानं ऐकायला नको होतं, आणि तिनं म्हणायला नको होतं, आणि दोघंही वाट पाहत बसले की दुसरा आधी काय करतो. ईद आली, गेली. दोन्ही घरांतून शिरखुर्म्याचे डबे निघायचे आणि मधल्या वाटेवर माझ्याच घरी संपायचे. त्या बाबतीत मी भांडणाविरुद्ध फार बोललो नाही.

आता यंदाची गोष्ट. सैफचं लग्न ठरलं, नवरी याचीही ब्रह्मपुरीचीच. पोरगा गडचिरोलीच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो, स्वभाव बापासारखा, म्हणजे मऊ दिसतो आणि वाकत नाही. यांच्या घराण्याची रीत अशी की नवरदेवाला सेहरा बांधायचा तो फुफीनं. बापाची बहीण. दुसऱ्या कुणाच्या हातचा चालत नाही असं नाही, पण आजवर झालं नाही. सैफनं भर बैठकीत सांगितलं, "फुफी सेहरा बांधन तं मी गाडीत बसन. नाई तं तुमी बारात घेऊन जा, मी इथीच हाव."

भाभी रडायला लागली. नूरुद्दीन छताकडे पाहत बसला. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात मला बातमी सांगून चालत नाही असं म्हणतात, पण निरोप धाडायचा असला की मीच.

गेलो मोहटोल्याला. सलीमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"या भाऊ. चहा घ्या. कोनाचं काय सांगाले आले?"

"तुमच्या भाच्याचं लग्न आहे बाई."

"ऐकलं. कार्ड आलं. कार्डावर नकाशा छापला आहे म्हने कसं याचं ते. माझं गाव आहे का त्यात?"

मी चहा फुंकत राहिलो.

"नाई ना? मंग मी येऊ कुठून?" सूप तिनं असं झटकलं की कोंबड्या पळाल्या. "जे गाव नाईच, तिथून मानूस कसा येईन भाऊ? आधी माझं गाव नकाशावर आनाले सांगा. तवर मी सावलीत पाय ठेवत नाई. खुदा की कसम."

"अन् तुमच्याशिवाय पोट्टा गाडीत बसत नाई."

हे ऐकून तिचा हात सुपात तसाच राहिला. तोंडानं म्हणाली, "येडा आहे, बापावर गेला." पण डोळे पदरानं पुसले ते कोंड्यामुळे नव्हे. निघताना मी पाहिलं, आत खुंटीवर पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून टांगलेलं होतं. फडक्यातून चंदेरी झालर लोंबत होती. सेहरा तिनं गुंफून ठेवला होता. बाईची कसम अशी.

परत सावलीत आलो तो सरळ दुकानात. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो तर नूरुद्दीन मशीनसमोर घामानं डबडबलेला, चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत. दुआ मागतोय की शिव्या देतोय ते कळेना.

"नूरू, गोल काढ. लय झालं तुझं. बहीन सेहरा गुंफून बसली आहे."

तो वळला. इतका केविलवाणा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"मुखरूभाऊ, मले काढता येत नाई."

"मन होत नाई म्हन."

"मन? अरे, पयल्याच ईदले काढाले बसलो होतो. सापडतच नाई कुठी ते. गोल माराचं बटन आहे, काढाचं नाई. रागात मारला, कसा मारला तेच याद नाई. दर ईदले बसतो, अन् ओढनी टाकून उठतो."

"मंग कोनाले विचाराचं ना!"

"कोनाले?" तो जवळजवळ ओरडला. "अर्ध्या तालुक्याले कंप्युटर म्या शिकवला. आता कोनाच्या दारात जाऊन सांगू, मले पुसता येत नाई म्हनून?"

बघा आता. एवढी वर्षं आम्ही त्याला अढी धरणारा समजलो, आणि माणूस बटण शोधत होता. मला हसू असं आलं की शटर धरून उभा राहिलो. तोही हसला असता, पण पडद्याकडे पाहून त्याचं पुन्हा पाणी झालं. कारण त्या दुपारच्या खटपटीत गोल पुसला गेला नव्हता, वाढला होता. मोहटोला तर आत होताच, आता अर्धी सावली आत होती, आणि खाली वैनगंगा ओलांडून गोल गडचिरोलीकडे निघाला होता.

"अजून दोनदा दाबलं तं मुंबई बी टाळशीन," मी म्हणालो. "सोड त्याले. सैफले सांग, तो पाहीन."

"सैफले नाई." ओढणी खाली. "त्यानं हात लावला का आहे ते बी जाईन. बाप म्हनून माझी काही इज्जत आहे का नाई?"

म्हणजे तिची कसम तिकडे, याची इज्जत इकडे, आणि मधे पोरगा. अशा वेळी सत्य काही कामाचं नसतं. अशा वेळी माझ्यासारखा माणूस लागतो.

मी पुन्हा मोहटोल्याला गेलो आणि सलीमाबाईला सांगितलं, "बाई, काम झालं. गोल सरकला." हे खोटं नव्हतं. सरकला होताच. कुठं सरकला ते मी सांगितलं नाही. "आता रेघ कुठी आली म्हनान, तं बराबर इस्तारीच्या टपरीवर. कढईच्या मधून. कढईच्या अल्याड नकाशा, पल्याड तुमचं गाव. तुमी सावलीत पाय ठेवू नका, तो गोलात पाय ठेवनार नाई. टपरीपर्यंत तुमी या, टपरीपर्यंत बारात येईन."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझं खोटं ओळखण्याइतकी ती मला ओळखते. पण कधीकधी माणसाला खोटं हवं असतं, फक्त ते कुणीतरी दुसऱ्यानं आणून द्यायला हवं.

"कढईच्या मधून?" ती म्हणाली.

"बराबर मधून."

"बरं. येतो."

लग्नाच्या दिवशी सकाळी बारात निघाली. नवरदेव पहिल्या जीपमध्ये, डोकं उघडं, सेहऱ्याविना. गावानं डोळे फाडून पाहिलं. फाट्याजवळ गाड्या थांबल्या. प्रेमिलानं कढई चढवली होती, तिला मी सांगून ठेवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, कढई जागेवरून हलवायची नाही. पलीकडून सलीमाबाई आली, हातात ते पांढरं फडकं. मागं जुबेर. अलीकडून नूरुद्दीन उतरला आणि कढईच्या अलीकडे उभा राहिला. दोघांच्या मधे तेल कढत होतं.

शेवटी इस्तारीनं विचारलं, "मासे टाकू का?"

सैफ पुढं आला. कढईला वळसा घालून पलीकडे जावं की अलीकडूनच वाकावं, त्याला समजेना. सलीमाबाईनं त्याचा कान धरून खाली ओढलं. "वाक रे. लांबचाच झाला नुसता." तिनं सेहरा बांधला. बांधताना गाठ तिनं तीनदा सोडून तीनदा मारली. मग त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि तशीच, भावाकडे न पाहता, म्हणाली,

"नूरू, काढला ना गोल?"

आता तो 'हो' म्हणाला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी त्याच्याकडे पाहून मान हलवत होतो, हो म्हण, हो म्हण. पण हा माणूस आपाशी खोटं बोलू शकत नाही. रुसू शकतो, खोटं बोलू शकत नाही.

"नाई आपा. मले काढताच येत नाई. पयल्या ईदपासून पाहून राह्यलो."

तेल चरचरत राहिलं. सलीमाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कढईकडे.

"पयल्या ईदले?"

"हाव."

"म्हनजे पयल्याच ईदले तू काढाले बसला होता?"

"हाव आपा."

"अन् मले कोनी सांगलं नाई?"

"कसा सांगू? टायपिंगवाला नूरुद्दीन, अन् त्याले पुसता येत नाई..."

तेवढ्यात इस्तारीला राहवलं नाही. झारा हातात धरून तो म्हणाला, "बाई, तो तलावाचा रस्ता बी त्याचा नाई. म्याच सांगतला होता. डोंग्याचा. यानं माझं नाव घेतलं नाई."

मला वाटलं, आता ती पुन्हा भडकणार. तिनं इस्तारीच्या हातातला झारा घेतला, कढईला वळसा घातला, गोल, रेघ, कसम सगळं ओलांडून सरळ नूरुद्दीनपुढं उभी राहिली. तो डोळे मिटून उभा. तिनं झारा त्याच्या टोपीवर हळूच टेकवला.

"माझा भाऊ येडा आहे," ती सगळ्या बारातीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "येडा आहे, अन् मी दुसऱ्याले दोष देत बसली." आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती अशी हसायला लागली, की ते हसू मधेच केव्हा ओलं झालं ते आम्हाला कळलं नाही. प्रेमिलानं पहिला घाणा जाळला. तो तसाच सगळ्यांनी खाल्ला.

मग सलीमाबाई पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर चढून बसली. ड्रायव्हरनं विचारलं, "कागद?" नूरुद्दीननं खिशातून काढला. तो सिंदेवाहीचा होता. तिनं त्याची घडी घातली आणि तळलेला मासा धरायला वापरला. बारात मोहटोल्याच्या मधून गेली, गोलाच्या पोटातून, आणि नूरुद्दीन खिडकीतून त्या घराकडे पाहत होता जिथं त्यानं इतकी वर्षं पाय ठेवला नव्हता. भिवा तलावाचा फाटा आला तेव्हा ड्रायव्हर जरासा थबकला. म्हणाला, "इकून?" सगळी जीप एकदम ओरडली, "नाई!"

ब्रह्मपुरीत काझीसाहेब वही उघडून बसले होते. सलीमाबाई मंडपात शिरली, पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून आणखी पुढं नेली आणि बसली. म्हणाली, "हां. आता वाचा." सैफनं 'कबूल है' म्हटलं. तिनं ऐकलं. मग जुबेरचा हात धरून ती काही तरी पुटपुटली, आणि त्यानं हसून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. आईसाठी तो पुन्हा एकदा 'कबूल है' म्हणाला होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतोय.

आता? गोल तिथंच आहे. सैफ म्हणाला होता, अब्बा, एका मिनिटात काढून देतो. नूरुद्दीननं मशीनवर ओढणी टाकली, वरून चादरही टाकली. ब्रह्मपुरीचा कागद मागायला कुणी आलं की तो सिंदेवाहीचा वळसा छापतो, कागद हातात देतो, आणि म्हणतो, "हे ऐकू नका. मोहटोल्याहून जा. मधे माझी बहीन राह्यते, तिच्याकडे चहा घ्या, माझं नाव सांगा." फाट्यावर प्रेमिलाची कढई पुन्हा संध्याकाळपर्यंत गरम असते. आणि सलीमाबाईच्या अंगणात रोज एक तरी अनोळखी गाडी उभी असते, आत कुणीतरी बशीत चहा ओतून फुंकत असतं.

परवा मी तिकडून येत होतो. तिनं मला थांबवलं. कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊ, नूरूले सांगजा, दूध पुरत नाई मले. पुरे झालं. म्हना, तो गोल परत मार."

मी निरोप पोहोचवला. नूरुद्दीन चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला, मग ओढणी नीट करत म्हणाला,

"आता कसा मारू? तो तं आहेच."